छावणीबाहेरचे तरुण

(तरुणसंघांकरिता अभ्यासपाठ. वाचावयाचे भाग : गणना, अध्याय १२, मार्क १:४० ते २:१२, लूक ५:१७-२६.)

जानेवारी महिन्याचा शेवटचा रविवार जगातील अनेक मंडळ्यांत कुष्ठरोगाने पीडित झालेल्या लोकांचा रविवार म्हणून पाळण्यात येतो. राऊल फोलेरो नामक एका फ्रेंच गृहस्थाच्या खटपटीने १९५४ साली ह्या प्रघातास आरंभ झाला. आपल्या देशात महात्मा गांधींच्या पुण्यतिथीचा, म्हणजे ३० जानेवारीचा दिवस त्याच कामी नेमलेला आहे. त्या रविवारी आमच्या मंडळ्यांत बहुधा काय घडते? मार्काच्या पहिल्या अध्यायातील कुष्ठरोग्याची गोष्ट वाचली जाते, कोठल्या तरी आश्रमाकरिता वर्गणी जमा होते, आणि मुलांच्या मनात एक चित्र उभे राहते : बोटे झडलेला, काठी टेकीत चाललेला एक म्हातारा. हे चित्र खोटे आहे असे नाही. परंतु ते अपुरे आहे, व अपुरे असल्यामुळेच घातक आहे. कारण आज ज्याला हा रोग जडतो तो नेहमीच म्हातारा नसतो. तो कधी इयत्ता नववीतही असतो. त्याची बोटे शाबूत असतात. तो आपल्याच बाकावर बसलेला असतो, आणि पाठीवरचा चट्टा कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून सोबत्यांबरोबर नदीवर पोहावयास जात नाही.

त्या मुलाविषयी, आणि जी मुले वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कोणत्याही दुखण्याने सोबत्यांपासून तुटत जातात त्यांच्याविषयी, ह्या पाठात विचार करावयाचा आहे.

प्रथम शास्त्रातील शब्दाविषयी एक खुलासा केला पाहिजे. लेवीय पुस्तकाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांत ज्या चट्ट्यांविषयी नियम दिले आहेत, ते मनुष्याच्या कातडीपुरते नाहीत. वस्त्रावर पडणारे व घराच्या भिंतीवर उमटणारे डागही तेथे त्याच शब्दाखाली येतात. तेव्हा मोशेच्या काळचा तो शब्द आणि आज वैद्य ज्यास कुष्ठरोग म्हणतात तो रोग, ही दोन्ही एकच होत असे समजून कोणी उपदेश करू नये. आमच्या लोकांच्या बोलण्यातही असाच गोंधळ आहे. कोड, महारोग, रक्तपिती हे सगळे एकाच टोपलीत टाकले जाते. वस्तुतः कोडाचा पांढरा डाग बधिर नसतो, तो कोणास लागत नाही, आणि त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. तरी केवळ त्या पांढऱ्या डागापायी लग्नाची बोलणी मोडलेल्या मुली कोणत्या गावी नाहीत?

आता गणनाच्या १२ व्या अध्यायाकडे वळू. मिर्यामेने मोशेविरुद्ध कुरकुर केली व तिच्या अंगावर कोड फुटले, हे आपण सर्व जाणतो. ह्या अध्यायावर मत्सराच्या पापाविषयी पुष्कळ उपदेश झाले आहेत व ते योग्यच आहेत. मात्र त्यावरून प्रत्येक आजारी मुलाच्या घरी पाप शोधीत जाण्याचा अधिकार कोणास मिळत नाही; योहानाच्या ९ व्या अध्यायात प्रभूने तो मार्ग शिष्यांना स्पष्टपणे बंद केला आहे. परंतु १५ वे वचन आपण घाईने वाचून पुढे जातो. मिर्याम सात दिवस छावणीबाहेर राहिली, आणि ती परत आत आणली जाईपर्यंत लोकांनी कूच केले नाही. एवढा मोठा तांडा, त्यात लेकुरवाळ्या बाया, गुरेढोरे, पाण्याची चिंता. तरी सगळे थांबले. तिला बाहेर ठेवण्याचा नियम त्यांनी मोडला नाही. पण तिला मागे टाकून ते पुढेही गेले नाहीत. आमच्या गावांत ह्याच्या उलट घडते. मुलगा आजारी पडतो, आणि त्याचा वर्ग, त्याचा संघ, त्याची मित्रमंडळी पुढे निघून जातात. कोणी त्याला हाकलून देत नाही. फक्त कोणी थांबत नाही.

मार्काच्या पहिल्या अध्यायातील गोष्टीचा शेवटही नीट पाहण्याजोगा आहे. प्रभूने त्या कुष्ठरोग्यास स्पर्श केला. शब्दानेच बरे करणे त्याला शक्य होते, तरी त्याने हात पुढे केला. त्यानंतर त्याने त्याला याजकाकडे पाठविले. हे का? कारण याजकाच्या निर्णयावाचून त्याला गावात परत घेतले गेले नसते. रोग जाणे ही एक गोष्ट, व माणसांत परत येणे ही दुसरी. प्रभूला दोन्हींची काळजी होती. आणि ४५ व्या वचनात काय लिहिले आहे? त्या मनुष्याने बातमी पसरवल्यामुळे येशूला उघडपणे गावात जाता येईना व तो बाहेर अरण्यात राहिला. बाहेरचा आत आला, व आतला बाहेर गेला. आजाऱ्याजवळ जाणाऱ्यास काही किंमत द्यावी लागते ती हीच.

आमच्या पनवेलकडील वाचकांस हे दूरच्या देशाचे वाटू नये. पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या बाजूस गेले असता नेरे गाव लागते. तेथे १९५१ साली कुष्ठरोग निवारण समितीने शांतिवन ही संस्था उभारली. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव १९८१ साली आले. आपल्या प्रांतात असे काम त्यापूर्वीच सुरू झाले होते. मुंबईस ॲकवर्थ साहेबांच्या खटपटीने १८९० साली निराश्रित कुष्ठरोग्यांकरिता आश्रय उघडला, व तेच पुढे वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय झाले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली, अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली, व वरोड्यास बाबा आमटे ह्यांनी १९४९ च्या सुमारास कार्यास आरंभ केला. वेल्स्ली बेली ह्यांनी १८७४ साली स्थापिलेल्या मिशनने तर देशभर कुष्ठाश्रम चालविले. जेव्हा खात्रीचे औषध नव्हते व गावाचे दार बंद होते, तेव्हा ह्या लोकांनी दुसरे दार उघडले. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या सर्व वसाहती गावाबाहेर होत्या, आणि त्यामुळे कुष्ठरोगी म्हणजे गावाबाहेर राहणारा माणूस, ही समजूत लोकांच्या मनात अधिकच पक्की झाली. आश्रमांतील रुग्णांच्या निरोगी मुलांना पुष्कळ ठिकाणी लहानपणीच आईबापांपासून काढून निराळ्या वसतिगृहात वाढवीत असत. हेतू चांगला होता, त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे उपायही तोच होता. परंतु आठवड्यातून एकदा कुंपणाच्या पलीकडून आईला पाहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने कोणाजवळ मन मोकळे करावे, हा प्रश्न अहवालांत लिहिला जात नसे. शांतिवनात पुढे आदिवासी मुलांकरिता आश्रमशाळा चालू झाली, ही गोष्ट मला म्हणूनच विशेष वाटते. ज्या जागेकडे लोक एके काळी वळून पाहत नसत, तेथे आईबाप आपली मुले शिकावयास पाठवू लागले.

आता औषधाविषयी थोडेसे, कारण अज्ञानातून प्रीती निपजत नाही. ह्या रोगाचे जंतू नॉर्वे देशातील डॉ. हान्सेन ह्यांनी १८७३ साली शोधून काढले. हा रोग आईबापांच्या रक्तातून येत नाही, व हात हातात घेतल्याने लागत नाही. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकटच्या सहवासात श्वासावाटे तो पसरतो, आणि बहुतेक माणसांच्या शरीरात त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत ठरवून दिली. त्यापूर्वी एकच औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे. आता सहा किंवा बारा महिने पुरतात. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून दुसऱ्यास रोग लागण्याचे थांबते. २००५ साली देशातील रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की रोग संपला. तो संपलेला नाही. जगात दरवर्षी जे नवे रुग्ण आढळतात त्यांपैकी अर्ध्याहून अधिक आपल्याच देशात असतात, आणि आमच्या रायगड जिल्ह्यातही ते आढळतात.

मग ज्या दुखण्याला औषध आहे, त्या दुखण्याने मुलगा एकटा का पडावा?

बारा ते अठरा ह्या वयाचा स्वभाव लक्षात घेतल्यावाचून ह्याचे उत्तर सापडणार नाही. लहान मुलाला आईबाप पुरेसे असतात. प्रौढ माणसाला कामधंदा असतो, संसार असतो. ह्या दोहोंच्या मधल्या वयात मनुष्याला सोबती हवे असतात, आणि सोबत्यांसारखे दिसावयास हवे असते. नेमके ह्याच वयात दुखणे त्याला निराळा काढते. कुष्ठरोगावरील एका औषधाने कातडी काळसर तांबूस होते. औषध संपल्यावर हा रंग हळूहळू उतरतो, पण त्याला पुष्कळ महिने लागतात. दुसऱ्या एका गोळीने लघवी लाल होते, व ज्याला कोणी सांगून ठेवले नाही तो मुलगा घाबरून जातो. शिरांना सूज आली तर जे औषध द्यावे लागते त्याने चेहरा फुगतो. तळपाय बधिर झाला तर मऊ रबराची निराळी वहाण घालावी लागते, आणि ती वहाण दुरूनच ओळखू येते. वैद्याच्या दृष्टीने ह्या सर्व किरकोळ गोष्टी होत. पंधरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्यांच्याहून मोठे जगात काही नसते.

अशा एका मुलाची हकीकत मला ठाऊक आहे. गाव व नाव मी सांगणार नाही. त्याच्या दंडावर व गालावर चट्टे होते. आशाताईंनी घरोघर तपासणी करताना ते ओळखले व बारा महिन्यांचे औषध सुरू झाले. तीन-चार महिन्यांत त्याचा रंग पालटला. क्रिकेटच्या संघातील मुलांनी त्याला एक टोपणनाव दिले. त्यात द्वेष नव्हता, त्या वयातील मुले सर्वांनाच नावे ठेवतात. त्याच सुमारास एका प्रार्थनासभेत त्याच्याकरिता प्रार्थना करण्यात आली, आणि ती करणाऱ्या भल्या माणसाने दुखण्याचे नाव घेऊन, घराण्याचे नाव घेऊन देवाला सर्व काही सांगितले. देवाला ते आधीच ठाऊक होते. गावाला नव्हते. दुसऱ्या दिवसापासून टोपणनाव कोणी उच्चारीना, आणि मुलाला खेळावयास कोणी बोलावीना.

त्याने गोळ्या घेण्याचे सोडले. डाव्या कोपराशी शीर दुखू लागली, ते त्याने घरी सांगितले नाही. अशी सूज वेळीच दाखवली तर पुष्कळदा सावरते. त्याने ती लपविली, आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट आत वळू लागले. रोगाने नव्हे तर लाजेने त्याचा हात अधू केला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे जे झाले ते त्याच्या एका वर्गमित्रामुळे झाले. हा मित्र आमच्या मंडळीतला नव्हे. त्याने फार विचार केला असेही दिसत नाही. दर अठ्ठावीस दिवसांनी गोळ्यांचे पाकीट आणण्यास तो ह्याच्याबरोबर एस.टी.ने आरोग्य केंद्रात जाऊ लागला, कारण येताना दोघांना पनवेलच्या बाजारात भटकता येत असे. संघात परत घेण्याची गोष्ट निघाली तेव्हा कोणी म्हणाले, त्याला धावा लिहावयास बसवू. मित्राने ते ऐकले नाही. उजवा हात धड आहे, तो गोलंदाजी करील. डाव्या हाताने चेंडू अडवावयाचा नाही, एवढेच ठरले. धावा लिहावयास बसविणे हे दयेचे काम झाले असते. चेंडू हाती देणे हे मैत्रीचे झाले. आमच्या तरुणसंघांनी ह्या भेदावर एक संध्याकाळ घालवावी.

येथे मार्काचा दुसरा अध्याय पुढे येतो, व तो पहिल्याच्या लगेच पुढे आहे ही केवळ योगायोगाची गोष्ट मी मानीत नाही. चौघांनी एका पक्षघाती मनुष्यास उचलून आणले. गर्दीमुळे दारातून जाता येईना, म्हणून ते छपरावर चढले. मार्क म्हणतो की त्यांनी छप्पर उकरले. लूक कौलांचा उल्लेख करतो. देशावरील आमच्या वाचकांना धाब्याची घरे ठाऊक आहेत, तेव्हा मार्काचे वर्णन त्यांना जवळचे वाटेल. कोकणात जो कोणी पावसाळ्यापूर्वी घर शाकारतो त्याला लूकाचे. कौले काढणे सोपे नाही. धूळ पडते, वासे करकरतात, घरधनी खालून ओरडतो. ते चौघे काय बोलले हे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही. आजारी मनुष्यानेही तोंडातून शब्द काढला नाही. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे मात्र लिहिले आहे, आणि जो विश्वास डोळ्यांना दिसला तो दोरीला धरलेल्या हातांत होता. आणखी एक गोष्ट : त्यांनी त्याला गर्दीच्या मागे, सोयीच्या कोपऱ्यात ठेवले नाही. मधोमध उतरविले.

हाच नियम इतर दुखण्यांनाही लागू आहे. फेफरे येणाऱ्या मुलीला घरचे लोक विहिरीवर, यात्रेला, सहलीला पाठवीत नाहीत. पाण्यात तिने एकटीने उतरू नये हे खरेच आहे. पण झटका आला असता तिला कुशीवर वळवून ठेवावे, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबू नये, वहाण हुंगवू नये, व झटका पाच मिनिटांहून अधिक टिकला तर दवाखान्यात न्यावे, एवढे चार मैत्रिणींना शिकविले तर ती सहलीला जाऊ शकते. ज्या मुलाला मधुमेहाकरिता दररोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, तो लग्नाच्या पंगतीत सर्वांदेखत सुई काढण्यास लाजतो, आणि टोचल्यावाचून जेवतो किंवा जेवतच नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्याने सहज म्हणावे, तू टोचून घे, मी पान राखतो. सांधेतापाने हृदय बिघडलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. त्या दिवशी शाळा बुडते, आणि बुडालेला धडा कोणी सांगत नाही. प्रत्येक दुखण्याचा आपला एक एकांत असतो. तो कोणता, हे आजाऱ्याला विचारल्यावाचून कळत नाही, आणि आम्ही विचारतो ते त्याच्या आईला.

आईबापांस एक शब्द. आपण भीतीने मुलाचे ताट निराळे करता, किंवा प्रीतीने त्याला घरातच ठेवता. त्याला दोन्ही सारखीच वाटतात. याईराच्या मुलीचे वय बारा वर्षांचे होते. ती उठल्यावर तिला खावयास द्या, असे प्रभूने सांगितले (मार्क ५:४३). रोजचे जेवण, रोजचे काम, रोजचे रागावणेसुद्धा, ही आजारी मुलाला परत द्यावयाची वस्तू आहे.

लग्नाचा विषय टाळून हा पाठ पुरा होणार नाही, कारण सतरा वर्षांच्या मुलीच्या मनात तोच असतो. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे. त्यात २००१ साली सुधारणा झाली, तेव्हा जोडीदाराचा असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून घालण्यात आले. ज्या रोगाचे औषध तोवर गावोगाव फुकट मिळू लागले होते, त्याला कायद्याने असाध्य म्हणावे, हे आश्चर्यच होय. २०१९ साली ते कारण आमच्या कायद्यातून व इतर धर्मीयांच्या कायद्यांतूनही काढून टाकण्यात आले. फेफरे ही विवाहाच्या आड येणारी अट हिंदू विवाह कायद्यातून व विशेष विवाह कायद्यातून १९९९ सालीच गेली होती. विधिमंडळाने जे पुसले ते मंडळीच्या पंचांनी तोंडी चालू ठेवू नये. स्थळ पाहावयास आलेल्या लोकांनी पाळकास गुपचूप विचारले, तर पाळकाने काय सांगावे? माझे मत असे की ते सांगणे मुलीच्या हातचे आहे, पाळकाच्या नव्हे. आणि तिने ते लग्नापूर्वी स्वतः सांगावे, लपवू नये. ते सांगण्याचे धैर्य तिला यावे असे घर, अशा मैत्रिणी तिला मिळवून देणे हे मात्र आमचे काम आहे.

येत्या जानेवारीत हा पाठ शिकविताना तरुणसंघाच्या पुढाऱ्यांनी आश्रमाच्या वर्गणीबरोबर एवढे करावे. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेस किंवा आशाताईंना बोलवावे, व फिकट किंवा लालसर चट्टा बधिर आहे की नाही हे कापसाच्या बोळ्याने कसे पाहतात ते सर्वांना दाखवून घ्यावे. तपासणी सभेत करू नये. ज्याला शंका असेल त्याने नंतर एकटे जावे. रुग्णाच्या घरच्यांना व शेजाऱ्यांना रोग टाळण्याकरिता औषधाची एक मात्रा देण्याची सोय आहे. ती देण्यापूर्वी रुग्णाची संमती घेतली जाते, तेव्हा त्याचे नाव बाहेर फोडण्याची कोणी घाई करू नये. प्रार्थना करताना दुखण्याचे नाव घेऊ नये. मुलाचे नाव घ्यावयाचे असेल तर आधी त्याला विचारावे.

चर्चेकरिता प्रश्न पुढीलप्रमाणे घ्यावेत. मिर्यामेकरिता थांबलेल्या लोकांपैकी कोणी कुरकुर केली असेल काय, आणि कोणत्या शब्दांत? छप्पर उकरणाऱ्या चौघांपैकी एक जण त्या दिवशी आला नसता तर खाट कशी उतरली असती? आणि आपल्या गावात, गेल्या वर्षी आपल्याबरोबर खेळणारा, गाणारा किंवा शाळेत जाणारा कोण हल्ली दिसत नाही. त्याच्या घरी शेवटचे कोण गेले होते, व केव्हा?